दोनच वर्षांसाठी संसार मांडायचा का?

प्रिय मावशी,
आम्ही पाचपाखाडीचे. लग्नाला पाच वर्षं झाली. नवऱ्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी म्युनिकला पाठवलं, म्हणून ठाण्यातल्या सीएच्या ऑफिसातली नोकरी सोडून गेल्या जूनमध्ये मीही इथे आले. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, त्यामुळे इथे सगळीकडे तेच नाव लागलंय. फर्निचरसकट मिळालेल्या दोन खोल्यांत राहतो, पण सात महिन्यांनंतरही बॅगा पलंगाशेजारीच आहेत. काही घ्यायचं म्हटलं की नवरा म्हणतो, ‘दोनच वर्षं आहेत, कशाला पसारा?’ जर्मन शिकावं तर मलाच वाटतं, दोन वर्षांसाठी कशाला? सकाळी सासूबाईंचा फोन, दुपारी आईचा, बाकी दिवसभर मी एकटी. तो संध्याकाळी येतो आणि गप्प बसतो. आईने गोडा मसाला, भाजणी, मेतकूट पाठवलं, ते पार्सल परत गेलं. विम्याचं कार्डही आलेलं नाही. त्याच्याकडे दर वेळी पैसे मागायला नको वाटतं. एकदा रात्री मिक्सर लावला तर खालच्या बाई तक्रार घेऊन वर आल्या. पावणेपाचला अंधार पडतो आणि रडू येतं. आई म्हणते, निघून ये, फ्लॅट बंदच आहे, नोकरीही परत मिळेल. नवरा म्हणतो, तुला वाटेल ते कर. मी काय करू?
— पाचपाखाडीची, सध्या म्युनिक

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही एकेरीवरच येते.

सगळ्यात आधी जिना उतरून खाली जा आणि तुमच्या टपालपेटीवर कोणाचं नाव आहे ते बघ. माझा अंदाज आहे की तिथे फक्त नवऱ्याचं आडनाव आहे. जर्मनीत पत्त्यात आपल्यासारखा ‘बी विंग, ३०४’ असा फ्लॅट नंबर सहसा नसतो. पोस्टमन रस्ता आणि इमारतीचा क्रमांक पाहून येतो, आणि पुढे पेटीवरचं आणि बेलपाशी लावलेलं आडनाव शोधतो. ते आडनाव सापडलं नाही की टपाल आलं तसं परत जातं. तुझं पार्सल आलं माहेरच्या नावावर, तुझी सरकारदरबारी नोंद माहेरच्या नावावर, आणि दारावर ते नावच नाही. विम्याचं कार्डही बहुधा त्याच वाटेने गेलं असणार. तिथे आरोग्य विम्याचं कार्ड, कराचा ओळख क्रमांक, बँकेच्या कार्डाचा पिन हे सगळं टपालाने येतं. सात महिन्यांत तुझ्या नावाची आणखी किती पत्रं परत गेली असतील कोण जाणे.

तेव्हा आज संध्याकाळी एका जाड कागदावर दोघांची आडनावं ठळक लिहा आणि पेटीवर चिकटवा. मग घरमालकाला किंवा इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला सांगून बेलपाशीही रीतसर पाटी लावून घ्या. विमा कंपनीला नवऱ्याने फोन न करता तू स्वतः पत्ता आणि नाव कळव, कार्ड पुन्हा मागव. नवरा सरकारी आरोग्य विम्यात असेल आणि तुला स्वतःची कमाई नसेल, तर त्याच्याच विम्यात जादा हप्ता न भरता तुझं नाव बसतं. ते बसवलं आहे ना, एवढं खात्रीने विचार. कराचा क्रमांक आला नसेल तर तोही पुन्हा मागवता येतो.

पार्सलबद्दल आईला दोन गोष्टी सांग. पत्त्यावर तुझ्या नावाखाली नवऱ्याचं आडनावही लिहायला हवं. आणि साजूक तूप, पेढे, खव्याचं काहीही पाठवायचं नाही. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ टपालानेही आणता येत नाहीत, सामानातूनही नाहीत. ताजा कढीपत्ता किंवा आंबेही वनस्पती आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. घरच्या माणसाने पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंतच्या किमतीची असेल तर तिच्यावर कर लागत नाही, म्हणून आत काय आहे आणि त्याची किंमत किती, हे कस्टमच्या कागदावर नीट भरायचं. भाजणी म्हणजे काय ते तिकडच्या माणसाला कळणार नाही, तेव्हा ‘भाजलेल्या धान्याचं पीठ’ असं इंग्रजीत लिहायला सांग.

आता मूळ प्रश्न. तुमच्या घरात ‘दोनच वर्षं’ हे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होऊन बसलंय. कढई नको, दोनच वर्षं. क्लास नको, दोनच वर्षं. मैत्री नको, तीही दोनच वर्षं. त्यातले सात महिने गेले, सतरा उरले. आपल्याकडे बदलीच्या नोकरीतली घरं आठव. बँकेत, महसुलात, पाटबंधारे खात्यात असलेली माणसं तीन-तीन वर्षांसाठी जालन्याला, नांदेडला, रत्नागिरीला बिऱ्हाड हलवायची. सामान एका ट्रकात मावेल एवढंच ठेवायची, पण गेल्या गेल्या दारात तुळस लागायची, पोरं शाळेत जायची, शेजारी वाटीभर काहीतरी जायचं आणि वाटी भरून परत यायची. तीन वर्षांनी निघताना अख्खी आळी स्टँडवर पोचवायला यायची. त्यांनाही ठाऊक होतं की आपण इथले नाही, पण तेवढ्यासाठी कोणी ट्रंकेवर बसून दिवस काढले नाहीत.

नवऱ्याचं सगळंच चुकतंय असं मी म्हणणार नाही. काही बाबतीत हात आखडता घेणं शहाणपणाचं आहे. सोफा, मोठं कपाट, गाडी यातलं काही घेऊ नका. मोबाइलचा, इंटरनेटचा, जिमचा २४ महिन्यांचा करार तर आता मुळीच करू नका, तुमच्याकडे तेवढे महिनेच नाहीत. नेहमीच्या भाडेकरारात घर सोडताना तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. निघताना नगरपालिकेतली नोंद रद्द करायची असते, ती जायच्या फार तर आठवडाभर आधी करता येते. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरटी महिन्याला १८.३६ युरो, तीही वेगळी बंद करावी लागते, नोंद रद्द झाली म्हणून आपोआप थांबत नाही. हा सगळा तात्पुरतेपणा कागदावर जरूर सांभाळा.

पण रोज हाताला लागणाऱ्या वस्तूंत काटकसर नको. एक जाड बुडाची कढई, एक चांगला तवा, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, उबदार पांघरूण आणि एक पिवळ्या उजेडाचा दिवा. एवढं घ्यायला दोघांना मिळून एक शनिवार पुरेल, आणि निघताना ते विकता येईल किंवा मागून येणाऱ्या एखाद्या मराठी जोडप्याला देता येईल. बॅगा रिकाम्या करून तळघरातल्या खोलीत ठेव. तिथल्या बहुतेक घरांना अशी खोली असते. सतत भरलेली बॅग डोळ्यासमोर असली की मन रोज निघायच्या तयारीत राहतं, मग ते घरात रमणार कसं?

जर्मन शीक. यात मी अजिबात मागे हटणार नाही. सतरा महिन्यांत नियमित क्लास केलास तर पहिल्या दोन पायऱ्या आरामात होतील. त्याने तू फाडफाड बोलायला लागणार नाहीस, पण डॉक्टरकडे दुखतंय कुठे ते सांगता येईल, बेकरीत बोटाने दाखवावं लागणार नाही, आणि खालच्या बाईंना ‘माफ करा, मला वेळ माहीत नव्हती’ हे स्वतःच्या तोंडाने म्हणता येईल. म्युनिकच्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण संस्थेत, सर्व पातळ्यांचे वर्ग चालतात आणि ते खासगी संस्थांपेक्षा सहसा स्वस्त असतात. सकाळचा वर्ग घे, ऑनलाइन नको. तुला भाषेइतकीच गरज आहे ती सकाळी नऊला कुठेतरी पोचण्याची. वर्गात तुर्कस्तानची, युक्रेनची, ब्राझीलची कोणीतरी तुझ्यासारखीच चुकत बोलत असेल. दोन मोडक्या वाक्यांवर जमलेली ती मैत्री तुला फार आधार देईल. परत आल्यावर हिशेबाची माहिती असलेल्या बाईला जर्मन येतं, ही गोष्ट मुंबई-पुण्यातल्या जर्मन कंपन्यांत वाया जाणार नाही. पुढच्या परीक्षा मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनातही देता येतात.

कामाचा विषय तू पत्रात काढलाच नाहीस. बहुधा तुम्ही दोघांनी धरूनच चाललंय की बायकोच्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. तुझं निवासाचं कार्ड आणि त्यासोबतचं पान काढून वाच. नोकरीवर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला तिथे सर्वसाधारणपणे काम करायची मुभा असते आणि तसं त्यावर छापलेलं असतं. लगेच नोकरी शोध असं माझं म्हणणं नाही, पण दार उघडं आहे की बंद, हे तरी ठाऊक असू दे. ठाण्याच्या सीएंचं काम घरी बसून करायचा विचार आला, तर आधी तिथल्या करसल्लागाराला विचार. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला माणूस तिथला कर-रहिवासी धरला जातो आणि भारतातून आलेल्या पैशांचाही हिशेब तिथे द्यावा लागतो. तू याच क्षेत्रातली आहेस, तुला याची गंभीरता सांगायला नको.

संध्याकाळच्या गप्प बसण्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या मते तुमच्या भांडणाचं मूळ तिथे आहे. ठाण्यात तुम्ही दोघं एकमेकांच्या वाट्याला किती येत होतात? तो लोकलने जाऊन रात्री यायचा, तू ऑफिसात. मधल्या वेळात रिक्षावाला, भाजीवाली, ऑफिसातल्या मैत्रिणी, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकू. दिवसभरात तुझं कितीतरी माणसांशी बोलणं व्हायचं आणि त्यात मन हलकं होऊन जायचं. आता ती सगळी माणसं गेली आणि त्या सगळ्यांच्या वाटचं ऐकायला एकटा नवरा उरलाय. तो बिचारा दिवसभर परक्या भाषेत, परक्या माणसांत, सावरून बोलून आलेला असतो. संध्याकाळी साडेपाचला दार उघडतं तेव्हा त्याचे शब्द संपलेले असतात आणि तुझा एकही खर्च झालेला नसतो. तुला वाटतं, याला माझी पर्वा नाही. त्याला वाटतं, घरातही सुटका नाही. दोघंही आपापल्या जागी खरे आहात.

यावर एक करून बघा. त्याला घरात येऊ देऊ नकोस. त्याने घराच्या एक स्टेशन अलीकडे उतरायचं, तू तिथवर जायचं, आणि दोघांनी चालत घरी यायचं. पहिला अर्धा रस्ता कोणी काही बोलायचं नाही. चालताना गप्प राहिलं तर ते टोचत नाही, आणि थोड्या वेळाने माणूस आपणहून बोलायला लागतो. थंडी आहे, अंधार आहे, हे मला माहीत आहे. तरीही जा. चांगला कोट आणि बूट यावर खर्च करायला कचरू नका, ही चैन नव्हे.

आणि फोन. यातली एक गंमतीची नव्हे, चांगलीच त्रासाची गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. हिवाळ्यात म्युनिक ठाण्याच्या साडेचार तास मागे असतं. नवरा साडेपाचला घरी येतो तेव्हा ठाण्यात रात्रीचे दहा वाजलेले असतात, त्याचे आईवडील झोपायच्या तयारीत. म्हणजे घड्याळानेच दोन्हीकडच्या आईवडिलांशी बोलायचं काम तुझ्यावर टाकलं आहे. सासूबाईंना मुलाची खुशाली तू देतेस, त्यांच्या गुडघ्याचं त्याला तू सांगतेस, सोसायटीच्या मेसेजची आठवणही तूच करून देतेस. तू तिथे दोन घरांमधली निरोप्या झाली आहेस. सासूबाईंचा फोन आता त्याच्याकडे जाऊ दे. तो सकाळी सव्वासातला ऑफिसला जाताना ट्राममधून बोलला तर ठाण्यात पावणेबारा वाजलेले असतात, सासूबाईंचा स्वयंपाक उरकलेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातील, मग अंतर साडेतीन तासांचं होईल. तू सासूबाईंशी जरूर बोल, आठवड्यातून दोनदा, मनापासून. रोजची हजेरी त्यांच्या मुलाने द्यावी. तुझ्या आईशीही दिवसाकाठी एकच फोन असू दे, आणि तो रडू आलेलं असताना करू नकोस. तू फोन ठेवून तोंड धुऊन मोकळी होतेस, ती मात्र तिकडे रात्रभर जागी राहते आणि सकाळी ‘निघून ये’ म्हणते. आईचा यात दोष नाही, तिला फक्त तुझा रडका अर्धा तास दिसतो.

पैशांचं मी स्पष्ट लिहिते. कमावती बाई नवऱ्यासाठी नोकरी सोडून परदेशी जाते, तेव्हा तिला भाजीचे पैसे मागावे लागणं हा तिचा अपमान आहे, मग नवरा कितीही सरळ असो. तुझ्या नावाचं खातं उघड. पगाराच्या दिवशी आधी ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता आणि ठरवलेली बचत बाजूला काढा. मग घरखर्चाची रक्कम आणि त्याखेरीज दोघांना सारखी, ज्याची त्याची रक्कम. तुझ्या वाट्याचा हिशेब त्याने विचारायचा नाही, त्याच्या वाट्याचा तू नाही. बचत आधी निघाली की युरोला शंभरने गुणायची सवयही सुटेल. कॉफीचा कप साडेतीनशे रुपयांना पडला असं मनात म्हणत प्यायली तर ती कडूच लागणार. मोठ्या खरेदीला जरूर गुणा, पावाला आणि बसच्या तिकिटाला गुणू नका.

रडू येतं त्याबद्दल. ठाणे १९ अंश उत्तरेला आहे, म्युनिक ४८ अंशांवर. आपल्याकडे ऐन डिसेंबरातही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिथे त्या दिवसांत आठच्या आसपास उगवतो आणि सव्वाचार-साडेचारला बुडतो. इतक्या कमी उजेडाची तुझ्या शरीराला सवय नाही, तेव्हा मन खचणं हा तुझा कमकुवतपणा समजू नकोस. रोज दुपारी बाराच्या सुमारास तासभर बाहेर पड, ढगाळ असलं तरी. इझार नदीचा काठ आहे, इंग्लिशर गार्टन हे मोठं उद्यान आहे, तिथे थंडीतही माणसं चालताना दिसतील. घराजवळचा एक फॅमिली डॉक्टर आत्ताच ठरवून नाव नोंदव, आजारी पडल्यावर शोधायला निघालीस तर वेळ मिळणं कठीण जातं. त्यांना रडू येण्याबद्दल, झोपेबद्दल मोकळेपणाने सांग आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्यायचं का ते विचार. सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री दवाखाने बंद असताना ११६११७ या क्रमांकावर डॉक्टरची सोय विचारता येते, जिवावरचं संकट असेल तर ११२. दोन्ही क्रमांक फ्रिजवर लाव. दोन-तीन आठवडे सलग झोप नाही, भूक नाही, कशातच जीव लागत नाही असं असेल, तर थांबू नकोस, वेळ घेऊन जाच. जगावंसं वाटत नाही असा विचार डोकावला तर त्याच क्षणी नवऱ्याला सांग आणि ११२ लाव.

खालच्या बाईंचं फार मनाला लावून घेऊ नकोस. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवार पूर्ण शांततेचा, हा तिथला रिवाज सगळ्यांनाच लागू आहे. चटणी दहाच्या आत वाट. काचेच्या बाटल्याही रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत, त्या आवाजाचीही तक्रार होते. एखाद्या शनिवारी दोघं खाली जाऊन त्यांना आपली नावं सांगून या. रविवारी दुकानं बंद आणि इतर दिवशीही आठला बंद, हे रात्री अकराला किराणा दारात येणाऱ्या ठाणेकरांना जड जातं खरं. पण शनिवार अख्खा बाजारहाटात घालवू नका, ते शुक्रवारी संध्याकाळी उरका. म्युनिकमध्ये महाराष्ट्र मंडळही आहे, तिथे जा, सणावाराला हक्काने जा. फक्त तेवढ्यावरच थांबू नकोस. मराठी माणसांत बसलं की बरं वाटतं, पण घोळक्यात बसून त्या शहराला नावं ठेवण्यात वर्ष निघून जाऊ शकतं.

पाचपाखाडीचा फ्लॅट बंद ठेवणं मला पटत नाही. एक पावसाळा तो बंद राहिला, दुसरा राहिला तर भिंतींना बुरशी धरेल, आणि वर ‘घर मोकळंच आहे’ हे वाक्य तुला रोज ओढत राहील. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर द्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि तशी जबाबदारी मालकावर असते. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला कळवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावू शकते. कोणी जास्त मागितलं तर हा नियम दाखवा. तुमच्या वतीने सही करायला भावाला किंवा दिराला कुलमुखत्यारपत्र द्यावं लागेल. ते म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो, हे त्याला आधीच सांगा. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाला इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, तेही राहिलं असेल तर उरका. आणि इथले सिम चालू ठेवा, नाहीतर बँकेचा एकही ओटीपी येणार नाही.

आता, परत येऊ का? आत्ता ठरवू नकोस, जानेवारी हा त्यासाठी फार वाईट महिना आहे. एप्रिलअखेरपर्यंतची मुदत घाल. तोवर क्लास, खातं, दारावरचं नाव, चालत घरी येणं, फोनची वाटणी, एवढं झालेलं असेल आणि संध्याकाळी आठपर्यंत उजेडही असेल. त्या उजेडात निर्णय घे. मध्ये फारच आठवण आली तर चार-पाच आठवडे ठाण्याला ये, पण परतीचं तिकीट काढून ये, ‘बघू’ म्हणून येऊ नकोस. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर साधा निवास परवाना रद्द होतो. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा युरोपीय संघाचा परवाना, असेल तर त्याला आणि तुला ही मुदत बारा महिन्यांची आहे. तुमच्याकडे कुठला परवाना आहे ते पाहूनच तारखा ठरव. एप्रिलअखेर तुला मनापासून वाटलं की आपली नोकरी, आपलं काम ठाण्यातच आहे, तर ये आणि उजळ माथ्याने ये. उरलेलं वर्ष दोन शहरांत राहून काढणारी जोडपी ठाण्यात कमी नाहीत, ते निभतं. फक्त त्यात रुसून निघून आल्याची भावना नको.

हे उत्तर नवऱ्यालाही वाचायला दे. त्याला माझं एकच सांगणं आहे. ‘तुला वाटेल ते कर’ हे तुम्ही मोकळीक म्हणून म्हणत असाल, पण तिला ते ‘तू असलीस काय, नसलीस काय’ असं ऐकू येतं. तिने राहावं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं तोंडाने म्हणा. आणि एप्रिलमध्ये दोघं ठरवायला बसाल तेव्हा दोन्हीकडच्या आईवडिलांपैकी कोणालाही फोनवर घेऊ नका. आधी ठरवा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनाही तुम्ही दोघांनी मिळून कळवा.